कॉफी किती, कधी आणि कशाबरोबर: घरच्या कपाचा हिशेब

माझी झोप बिघडली तेव्हा सगळ्यात आधी मी उशी बदलली. मग गादी उन्हात घातली, मग रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवायला लागलो. कॉफीवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण "मी साडेनऊला कॉफी पितो आणि अकराला घोरायला लागतो" हे मी चारचौघांत मिरवायचो. घोरत असेनही. पण पहाटे तीनला टक्क जाग यायची आणि दूधवाला येईपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं, याचा रात्रीच्या कपाशी संबंध लावायला मला दोन वर्षं लागली.

तो लागला भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे. आमच्याकडे दुधाचा हिशेब तारखेच्या चौकटीत लिहायची पद्धत अजून आहे. एक महिना मी त्याच चौकटीत कॉफी लिहिली: वेळ, आणि कप मोठा की छोटा. महिनाअखेर बघितलं तर जास्त कपांचे दिवस वाईट निघाले नाहीत, उशिराच्या कपाचे निघाले. चार कप झालेत पण शेवटचा दुपारी दीडला, तर झोप सलग. दोनच कप, पण दुसरा रात्री साडेनऊला, तर तीनची पाळी ठरलेली.

कॉफी चांगली की वाईट, या वादात मला तेव्हापासून रस उरलेला नाही. धडधाकट माणसाला ती बाधते ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळेमुळे, तिच्या आगेमागे काय खाल्लं-गिळलं त्यामुळे आणि तिच्यात किती साखर ढवळली त्यामुळे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मी डॉक्टर नाही. ज्यांना आजार आहे किंवा गोळ्या चालू आहेत त्यांच्यासाठी वेगळी, सहावी पायरी ठेवली आहे, ती त्यांनी आधी वाचावी.

पायरी पहिली: आठवडाभर नुसतं लिहा

काही बदलायचं नाही, कमी करायचं नाही. प्रत्येक कपाची वेळ, आकार, साखरेचे चमचे आणि त्याच्या तासभर आगेमागे काय खाल्लं, एवढंच. चहाही लिहायचा, कारण त्यातही कॅफिन असतं आणि आपल्या घरांत कॉफी पिणारा माणूस चहा सोडलेला असतोच असं नाही. ऑफिसातल्या मशिनची कागदी कपातली कॉफी लोक हमखास विसरतात. "ती काय कॉफी असते का?" असते.

पायरी दुसरी: तुमच्या कपात नक्की किती कॅफिन आहे ते काढा

इथे जरा रेंगाळतो, कारण 'दिवसाला तीन कप चालतात' अशा वाक्यांनी सगळा घोटाळा केला आहे. कुणाचा कप?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयएनने, २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १५० मिलिलिटरच्या कपाचे आकडे आहेत. पावडरीपासून केलेली कॉफी ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंट ५० ते ६५, चहा ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही असं म्हटलं होतं. मी ३०० धरून चालतो. आपल्या दिवसात चहा शिरतो, कोला शिरतो, त्यामुळे थोडी जागा शिल्लक असलेली बरी.

आता घरचा हिशेब. माझ्या स्टीलच्या फिल्टरमध्ये मी तीन मोठे चमचे पावडर घालायचो. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तर ती भरली १८ ग्रॅम. पाकिटावर लिहिलं होतं कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के. म्हणजे खरी कॉफी साडेबारा ग्रॅमच्या आसपास. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या बियांत वजनाच्या साधारण सव्वा टक्का कॅफिन असतं, रोबस्टात दोन टक्क्यांच्या आसपास. निम्मंनिम्मं धरलं तर माझ्या फिल्टरमध्ये एकूण २०० मिलिग्रॅम. त्यातलं बहुतेक डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरच्या खालच्या भांड्यात जमणाऱ्या दाट अर्कात, उतरतं. पाहुणे आले की हेच डिकॉक्शन चार कपांत जायचं आणि प्रत्येकाला पन्नास मिळायचे. एकटा असलो की दोन पेल्यांत संपायचं, म्हणजे पेल्याला शंभर. फिल्टर तोच, पावडर तीच, आणि मी मात्र दोन्ही दिवशी 'दोनच कप घेतले' असंच म्हणायचो.

चिकोरीबद्दल एक गैरसमज आहे की ती भेसळ. एका झाडाचं मूळ भाजून, दळून ती करतात, आपल्याकडे गुजरातेत जामनगर भागात तिची शेती होते. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं. रंग आणि कडवटपणा मात्र भरपूर, म्हणून दाट काळं डिकॉक्शन बघून 'काय कडक आहे' म्हणायचं आणि कॅफिन बेताचंच, असं होऊ शकतं. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. बाजारात ५३:४७ हे प्रमाण म्हणूनच दिसतं. पाकीट उलटून ते वाचा. ही ओळ शेवटच्या पायरीत आपल्या फार कामाला येणार आहे.

उलट, महाराष्ट्रातली जुनी घरगुती कॉफी आठवा. दूध आटवायचं, साखर घालायची, वर जायफळ किसायचं आणि इन्स्टंट पावडर जेमतेम अर्धा छोटा चमचा. पावडर एक ग्रॅम भरली तर कॅफिन तिसेक मिलिग्रॅम, म्हणजे फिक्या चहाएवढं. ती कॉफी पिऊन आजी रात्रभर भजनाला बसायची ते पावडरीमुळे नव्हे, गळ्यात भजन होतं म्हणून. जायफळ मात्र चिमटीभरच. 'झोप येते' म्हणून चमच्याने घालणारे लोक आहेत, आणि जास्त जायफळाने मळमळ, छातीत धडधड, भ्रम असं काहीही होऊ शकतं.

बाकीच्यांचे आकडे भराभर सांगतो. एस्प्रेसोचा एक छोटा शॉट साठ-पासष्ट मिलिग्रॅम. कॅफेतल्या कॅपुचिनोत शॉट एक आहे की दोन हे काउंटरवर विचारायचं, मोठ्या मगात सहसा दोन. कोलाची छोटी बाटली तिसेक. एनर्जी ड्रिंकचा २५० मिलिलिटरचा डबा ७५-८०. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन घातलेलं असतं, पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. डीकॅफमध्ये, म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही, थोडं का होईना असतंच.

आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचं पारडं जड आहे, साधारण सत्तर टक्के. बाबा बुदान या सूफी संताने येमेनच्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, त्यांचं नाव आजही त्या डोंगररांगेला आहे. आपल्याकडे मेळघाटात चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते. तिकडे गेलात तर पाव किलो पावडर जरूर आणा, पण ती शुद्ध, बिनचिकोरीची असेल तर चमच्याचं माप कमी करा.

पायरी तिसरी: शेवटच्या कपाची वेळ ठरवा

एसटी स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं आठवतात? कॅफिन मेंदूत तेच करतं. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफिनची ठेवण त्याच्यासारखीच असल्यामुळे ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. थकवा गेलेला नसतो, तो मधल्या वाटेत दांडीला धरून उभा असतो. कॅफिन उतरलं की सगळे प्रवासी एकदम बसतात, आणि संध्याकाळी पाचला माणूस खुर्चीत कोसळतो. मग आणखी एक कप.

हे कॅफिन उतरायला किती वेळ लागतो? निरोगी प्रौढात ते निम्मं व्हायला सरासरी पाच तास. संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅमचा पेला घेतला तर रात्री दहाला त्यातले ५० अंगात असतात आणि पहाटे तीनला २५. माझी तीनची पाळी इथे होती, फक्त माझा पेला साडेनऊचा होता, म्हणजे तीन वाजता निम्म्याच्या आसपास कॅफिन शिल्लक. पहिली झोप थकव्याने लागायची. नंतरची, हलकी झोप मोडायला तेवढं पुरायचं.

२०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी उपकरणाने मोजलेली झोप तासाहून अधिक कमी झाली. मात्रा मोठी होती हे खरं. पण सहा तास हा काही सुरक्षित पल्ला नाही, हे त्यातून दिसतं.

आणि पाच तास ही सरासरी आहे. कुणाला तीन लागतात, कुणाला आठ-नऊ. कॅफिन फोडायचं काम यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं, त्याचा वेग जन्मतःच माणसागणिक वेगळा, शिवाय तो बदलतोही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफिन साधारण दुप्पट वेळ रेंगाळतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते निम्मं व्हायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात. सिगारेट ओढणाऱ्यांचं कॅफिन उलट झपाट्याने संपतं. त्यामुळे एक गोष्ट होते जी फारशी कुणी सांगत नाही. सिगारेट सोडली की तोच नेहमीचा कप अंगात दुप्पट टिकायला लागतो. हात थरथरतात, झोप जाते, चिडचिड होते आणि माणूस म्हणतो, सिगारेट सोडल्यामुळे त्रास होतोय, परत सुरू केलेली बरी. घरात कुणी सिगारेट सोडत असेल तर त्याच आठवड्यात त्याची कॉफी निम्मी करा.

करायचं ते असं: झोपायची वेळ घ्या, त्यातून नऊ तास वजा करा. अकराला झोपणाऱ्याचा शेवटचा कप दुपारी दोनला. वयस्कर माणसं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि एरवीही कॉफीने धडधडणारे लोक, यांनी दुपारी बारा. दोन आठवडे पाळून बघा. पहिल्याच रात्रीवरून निकाल लावू नका, कारण पहिले तीन-चार दिवस दुपारी चारला नुसता वैताग येतो.

पायरी चौथी: जेवण आणि गोळ्या यांच्यापासून कप लांब ठेवा

माझ्या आईच्या थायरॉइडचा आकडा दर तपासणीत वर-खाली व्हायचा आणि दर वेळी गोळीची मात्रा वाढायची. शेवटी एका नव्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "आजी, गोळी कशाबरोबर घेता?" आई म्हणाली, "पाण्याबरोबरच हो. मग लगेच कॉफी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

थायरॉइडची थायरॉक्सिनची गोळी कॉफीबरोबर किंवा तिच्या पाठोपाठ कॉफी घेतल्यास नीट शोषली जात नाही. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर कॉफी, चहा, दूध काही नाही. आईने गोळीची पट्टी कॉफीच्या डब्यावरून उचलून उशाशी ठेवली आणि पाचच्या गजराला गोळी, सहाला कॉफी असं बसवलं. पुढचे दोन रिपोर्ट सरळ आले. तुमच्याकडे असा बदल केलात तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळी नीट लागायला लागल्यावर वाढवलेली मात्रा जास्त होऊ शकते.

दुसरी गोष्ट लोहाची. कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्यं अन्नातलं लोह धरून ठेवतात आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच घट नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तर घट जेवणाबरोबर घेतल्याएवढीच! म्हणजे आपल्याकडे 'जेवण झालं, आता तासाभराने फर्मास कॉफी' ही जी सभ्य समजूत आहे, तिचा लोहाला उपयोग नाही.

तो प्रयोग मांसाहारी जेवणावर झाला होता. आपल्या ताटातलं लोह बाजरी, पालेभाज्या, उसळी यांतलं, आणि वनस्पतींतलं लोह मुळातच कष्टाने शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा घरांत नाश्त्याच्या पोह्यांबरोबर वाफाळता कप देणं हे प्रेमाचं काम असलं तरी वेळ चुकलेली आहे. एनआयएनचा सल्ला जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असा आहे. मी जेवणानंतर दोन तास धरतो. उठल्यावर कॉफी आणि तासाने नाश्ता, किंवा अकराला कॉफी आणि साडेबाराला जेवण, हे दोन कप सगळ्यात निर्धोक. ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे त्यांनी याचा फार ताप करून घेऊ नये. ज्यांचं कमी आहे किंवा ज्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र घड्याळ लावून पाळावं. आणि ताटात लिंबाची फोड हवीच, 'क' जीवनसत्त्व लोहाला आत न्यायला मदत करतं.

पायरी पाचवी: करायची रीत बदला, निदान तपासा

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर कॉफी कशी गाळता हे महत्त्वाचं. बियांच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो. पातेल्यात पावडर उकळून चहाच्या गाळणीने गाळली, किंवा दट्ट्या दाबायच्या फ्रेंच प्रेसमध्ये केली, तर ते थेट कपात येतं. नेदरलँड्समधल्या १९९६ च्या एका अभ्यासात रोज फ्रेंच प्रेसची पाच-सहा कप कडक कॉफी पिणाऱ्यांचं एलडीएल सहा महिन्यांत डेसिलिटरमागे सरासरी १० मिलिग्रॅमने वाढलं होतं. आपला स्टीलचा फिल्टर मधल्या जागी बसतो. त्याची भोकं तेल अडवत नाहीत, पण दाबून बसलेला पावडरीचा थर थोडं धरून ठेवतो. इन्स्टंटमध्ये हे तेल नगण्य. दिवसाला दोन छोटे कप घेणाऱ्याने फिल्टर फेकून द्यायचं कारण नाही. चार मोठे घेत असाल आणि रिपोर्टवर लाल अक्षरं असतील तर तीन महिने कागदी फिल्टर किंवा इन्स्टंट वापरून पुन्हा तपासून बघा.

दुसरं, फार गरम पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली कॉफीचा फेरविचार केला. १९९१ पासून तिच्यावर मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत जो संशय होता तो मागे घेतला, पण ६५ अंशांपेक्षा गरम कोणतंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं म्हटलं. उडपी हॉटेलात पेल्याखाली ती काठाची वाटी का असते? पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हात उंच करून दोन-तीनदा ओतलं की फेसही येतो आणि जीभही वाचते. आपली बशी याच कामाची होती. बशीतून पिणं गावंढळ ठरवून आपण जीभ भाजायला शिकलो.

तिसरी साखर. पेल्याला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, चार पेल्यांचे चाळीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. दूध-साखर-कॉफी एकत्र असलेल्या पुड्यांत बहुतेक वेळा साखरच सगळ्यात जास्त असते, घटकांच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा. आइस्क्रीमवाल्या कोल्ड कॉफीला मी कॉफी म्हणतच नाही, ती मिठाई आहे, महिन्यातून एकदा मजेत खावी. साखर कमी करायची युक्ती एवढीच की आठवड्याला पाव चमचा कमी करायचा. एकदम बंद केली तर चौथ्या दिवशी डबा परत उघडला जातो.

मग फायदा काहीच नाही का?

आहे, आणि तो लहान नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॉफीवरच्या दोनशेहून अधिक एकत्रित विश्लेषणांचा आढावा छापून आला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचं आणि हृदयविकाराचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. यकृताचा सिरॉसिस, टाइप टू मधुमेह, पार्किन्सन्स यांतही कॉफी पिणाऱ्यांची बाजू बरी दिसते. मधुमेहाच्या बाबतीत डीकॅफचाही तसाच संबंध दिसतो, म्हणजे श्रेय एकट्या कॅफिनचं नाही.

पण हे बहुतेक अभ्यास माणसं काय पितात आणि पुढे त्यांचं काय होतं याची नोंद ठेवणारे आहेत. ज्याची तब्येत बिघडते तो कॉफी सोडतो, मग न पिणाऱ्यांच्या गटात आजारी माणसं वाढतात, असंही होतं. शिवाय तिथला कप बहुधा बिनसाखरेचा, पातळ. त्यामुळे पीत असाल तर धास्ती नको, आणि पीत नसाल तर तब्येतीसाठी म्हणून सुरू करायची गरज नाही, एवढाच अर्थ मी काढतो.

पायरी सहावी: यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं

गरोदर स्त्रियांनी दिवसाचं सगळं मिळून कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं. माझ्या फिल्टरच्या हिशेबाने दोन पेले झाले की संपलं, आणि चहा त्यातच धरायचा.

रक्तदाब वाढलेल्यांत २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनने वरचा आकडा साधारण आठने आणि खालचा सहाने चढतो आणि तीनेक तास तसा राहतो. रोज पिणाऱ्याचं शरीर याला बरंच सरावतं. तरीही बीपी मोजण्याआधी अर्धा तास कॉफी नको, नाहीतर कॉफीचा आकडा तुमच्या नावावर लागतो. उपाशीपोटीच्या रक्ततपासणीआधी काळी कॉफीसुद्धा नको, फक्त पाणी. हृदयाच्या काही तपासण्यांत औषध देऊन ताण निर्माण करतात, त्याआधी एक दिवस कॉफी बंद ठेवायला सांगतात. तिथे लपवाछपवी केली तर तपासणीच फुकट जाते.

छातीत धडधड, घबराटीचे झटके, झोपेचा जुना त्रास असेल तर दोन आठवडे पूर्ण बंद करून बघणं हीच खरी तपासणी. आंबट ढेकर, जळजळ होत असेल तर रिकाम्या पोटीचा कप आधी सोडा. काहींना तेवढ्याने उतार पडतो, काहींना कॉफीच सोसत नाही. सकाळच्या कपानंतर पोट साफ होतं म्हणणारे थापा मारत नाहीत, कॉफीने मोठ्या आतड्याची हालचाल खरोखर वाढते. पण तेवढ्यासाठी कपावर अवलंबून राहू नये.

औषधांत सिप्रोफ्लॉक्सासिन हे नाव लक्षात ठेवा, लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी ते सर्रास दिलं जातं. ते कॅफिन फोडणाऱ्या विकरालाच अडवतं, त्यामुळे तेवढे दिवस एक कप दोन कपांसारखा चढतो. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरचं लिथियम आणि क्लोझापिन घेणाऱ्यांनी कॉफी मनाने वाढवू नये आणि अचानक सोडूही नये. औषधाची रक्तातली पातळी तिच्याबरोबर हलते.

पायरी सातवी: कमी करायची तर अशी

रविवारी दहाच्या सुमाराला दुखणारं डोकं तुमच्या ओळखीचं आहे का? आठवडाभर सकाळी सातला ऑफिसची घाई आणि कॉफी, शनिवारी शेवटचा कप दुपारी चारला, रविवारी उठायला साडेनऊ. मधे साडेसतरा तास गेले. कॅफिन तुटल्याचं डोकं शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत धरतं, एक-दोन दिवसांत सगळ्यात वाढतं आणि आठवडाभर, कधी नऊ दिवसांपर्यंत रेंगाळतं. पित्त झालं, ऊन लागलं, उपास बाधला, अशी कितीतरी नावं आपण त्याला देतो. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसालाही हे होतं. कप घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात डोकं उतरलं तर निदान झालंच.

म्हणून एकदम तोडायची नाही. मी तीन टप्प्यांत उतरलो.

पहिले पाच दिवस फक्त शेवटचा कप काढला, बाकीचे जसेच्या तसे. मग आठवडाभर पाकीट बदललं: ७०:३० च्या जागी ५३:४७. चमचे तेच, रंग तोच, फेस तोच, आणि कॅफिन जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. घरात कुणाला कळलंही नाही. डीकॅफपेक्षा हा मार्ग स्वस्त, आणि वाण्याकडे मिळणारा. पोट फुगत असेल तर मात्र जपून, चिकोरीतलं इन्युलिन नावाचं तंतुमय द्रव्य काहींना वायू करतं. त्यानंतर तीन मोठ्या चमच्यांचे दोन केले. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर कमी असली की पाणी भसकन खाली जातं आणि पाणचट उतरतं. त्यासाठी वरची चकती जरा दाबून बसवायची, उकळी आलेलं पाणी अर्धा मिनिट थांबून, आधी दोन चमचे शिंपडून पावडर फुगू द्यायची आणि मग बाकीचं हळूहळू ओतायचं. वीस मिनिटं झाकण काढून बघायचं नाही. घाई करून फिल्टर हापटणारा माणूस आमच्या घरात मीच होतो.

रात्रीचा कप सुटायला सगळ्यात जड गेला, कारण तो कॅफिनसाठी नव्हताच. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, बायको आणि मी गॅलरीत. तेव्हा हातात पेला हवा असायचा. आता साडेनऊला कपभर दूध आटवतो, त्यात चिकोरीची नुसती पूड अर्धा चमचा, साखर पाऊण, आणि जायफळ किसणीवर दोनदा घासतो. शेजारचे काका परवा पिऊन म्हणाले, "कॉफी झकास झालीये हो, पण आता मला झोप नाही येणार."